अंगणात पांढरं काय पडलंय?

उत्तरायण होऊन चार-पाच दिवस झाले होते. पुण्यात सकाळचे पावणेसात. गॅसवर चहाचं आधण ठेवलं आणि रोजच्या सवयीने मोबाइलवर बडोद्याच्या घराचा कॅमेरा उघडला. मागच्या अंगणाचं चित्र आलं. चित्र कसलं, करड्या चौकोनांची गोधडीच ती. पण तिच्यातही एक गोष्ट दिसत होती. तुळशीवृंदावनाच्या शेजारी जमिनीवर पांढरं, लांबट असं काहीतरी पडलं होतं. माणसाएवढं.

चित्र हलत नव्हतं. कोपऱ्यातलं घड्याळ सहा वाजून एकतीस मिनिटांवर थांबलं होतं.

बाबा गेल्यापासून आई त्या घरात एकटी असते. मी फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, तर फक्त चौकोन मोठे झाले. आई घरात फिक्या साड्या नेसते. शिवाय रात्रीच्या चित्रात रंग नसतातच. गडद हिरवी साडीसुद्धा त्यात पांढुरकी दिसू शकते. तिसऱ्यांदाही फोन उचलला गेला नाही, तेव्हा समोरच्या बेनना लावला. त्या चप्पल न घालता धावल्या असणार, कारण दोन मिनिटांत त्यांचा धापा टाकत फोन आला, "अरे भाई, मम्मी तो पूजामां बेठां छे!"

पांढरं दिसत होतं ती दोरीवरून उडून पडलेली चादर होती. तीही पांढरी नाही, चांगली निळ्या फुलांची.

पहिल्या फोनपासून बेनच्या फोनपर्यंत अकरा मिनिटं गेली होती. चहा उतू जाऊन गॅस विझला होता. पूजा आटोपल्यावर आईने फोन केला आणि पहिलंच वाक्य ऐकवलं, "सकाळी सकाळी त्या बिचारीला धावडवलंस. एवढे पैसे दिलेस त्या कॅमेऱ्याला, त्याला चादर आणि आई यातला फरक कळत नाही?"

प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर द्यायची जबाबदारी माझी होती. कलाभवनातून बी.ई. झालो, बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, आणि दिवाळीच्या सुट्टीत अर्ध्या तासात दोन कॅमेरे ठोकून, "झालं बघ" म्हणून गाडीत बसलो होतो. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत आज हेच चित्र आहे. मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात, आईवडील बडोद्यात, आणि मध्ये एक वायफायवरचा कॅमेरा. म्हणून त्या शनिवार-रविवारी बडोद्याला जाऊन मी काय काय शोधलं ते सविस्तर लिहितो आहे. त्यात माझे स्वतःचे मूर्खपणेही आले आहेत, ते तुम्ही टाळावेत.

दोन कॅमेरे, दोन दुखणी

आमचं घर दांडिया बाजाराजवळच्या एका गल्लीत आहे. जुनं, दुमजली, दीड फुटाच्या विटांच्या भिंती. इंटरनेटची फायबरची तार पुढच्या बाजूने माडीवर येते आणि राउटर तिथेच आहे. एक कॅमेरा पुढे ओट्यावर, दुसरा मागच्या अंगणात. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले.

गावाला जाण्याआधी मी दोन्ही कॅमेऱ्यांच्या तक्रारी कागदावर लिहिल्या, आणि तिथेच पहिली गोष्ट लक्षात आली. मागचा कॅमेरा दिवसा आणि रात्री सारखाच त्रास देत होता: चौकोन पडणं, अडकणं, मध्येच गोठणं. पुढच्या कॅमेऱ्याचं दिवसाचं चित्र एकसंध, न अडकणारं होतं, पण जरासं धूसर. आणि रात्री मात्र सगळ्यावर पांढरं धुकं. आपण दोन्हींना "चित्र खराब येतं" असंच म्हणतो. पण पोट दुखणं आणि डोकं दुखणं यांना एकच गोळी चालत नाही.

कॅमेऱ्यापासून आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत चित्राचे चार मुक्काम असतात. पहिला भिंग आणि उजेड, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा. दुसरा, चित्र पिळून लहान करणारी कॅमेऱ्याच्या आतली यंत्रणा. तिसरा रस्ता: कॅमेऱ्यापासून राउटरपर्यंत वायफाय आणि तिथून पुढे इंटरनेट. चौथा मोबाइलवरचं ॲप. बिघाड नेमका कोणत्या मुक्कामावर आहे हे आधी कळलं, तर अर्धं काम झालं. ते न बघता लोक थेट नवा, जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा आणतात, आणि दुखणं रस्त्याचं असेल तर ते आणखी वाढतं. मोठ्या चित्राला मोठा रस्ता लागतो.

पहिली परीक्षा मेमरी कार्डाची

ही परीक्षा सगळ्यात सोपी आहे आणि फारसं कोणी करत नाही. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड असतं. कॅमेरा आपलं चित्रण आधी त्यावर उतरवतो. त्यासाठी त्याला वायफायची गरज नसते. तेव्हा ज्या वेळी चित्र खराब दिसलं, नेमक्या त्याच वेळचं कार्डावरचं चित्रण काढून बघायचं. ॲपमध्ये थेट चालवून नव्हे, कारण तेही पुन्हा त्याच रस्त्याने येतं. क्लिप पूर्ण डाउनलोड करायची, वेळ लागला तरी लागू द्यायचा, आणि मग बघायची.

कार्डावरचं चित्र स्वच्छ असेल तर डोळा चांगला आहे, रस्ता खराब आहे. कार्डावरही खराब असेल तर वायफायच्या मागे लागू नका; आधी डोळा तपासा.

मी मागच्या कॅमेऱ्याची त्या पहाटेची क्लिप उतरवली. पावणेचारच्या सुमारास वारा सुटलेला, दोरी हलतेय, चादर घसरली आणि तुळशीपाशी पडली. फुलांची नक्षीसुद्धा मोजता येत होती! म्हणजे कॅमेऱ्याने चादर ओळखण्याजोगी टिपली होती. माझ्यापर्यंत पोचली नाही, एवढंच. पुढच्या कॅमेऱ्याच्या रात्रीच्या क्लिपवर मात्र कार्डातही तसंच धुकं होतं. दोन कॅमेऱ्यांची दोन निदानं घरात शिरल्यापासून पंधरा मिनिटांत झाली.

चौकोन का पडतात?

१०८० म्हणून जे चित्र विकलं जातं ते १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं, म्हणजे जवळपास २० लाख ७३ हजार ठिपक्यांचं असतं. ते जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला काही शे मेगाबिट लागतील. कॅमेरा ते पिळून दीड-दोन मेगाबिटांत बसवतो. कसं? तो प्रत्येक वेळी पूर्ण चित्र पाठवतच नाही. काही सेकंदांतून एकदा पूर्ण चित्र पाठवतो आणि मधल्या वेळात फक्त काय बदललं तेवढं कळवतो: पान हललं, मांजर गेलं. वाटेत यातला काही मजकूर हरवला, तर पुढचे सगळे बदल चुकीच्या पायावर रचले जातात आणि चौकोन, फराटे, ओघळ दिसू लागतात. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत तसंच. तेही हरवलं तर चित्र गोठतं.

यावरून एक सवय लावून घ्या. चित्र बघताना आधी कोपऱ्यातल्या घड्याळाचे सेकंद पळताहेत का ते बघा. पळत नसतील तर तुम्ही आत्ताचं अंगण बघत नसून मघाचं बघता आहात. त्या सकाळी मी एवढं जरी केलं असतं, तरी निदान काळजी करायची ती आत्ताच्या अंगणाची, एवढं भान राहिलं असतं.

राउटर कपाटात

आता रस्ता. वायफायचा जोर डीबीएम या मापात मोजतात आणि तो उणे आकड्यात येतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओसाठी उणे ६७ च्या आसपासपर्यंत ठीक. उणे ७० च्या पलीकडे अडखळायला लागतो आणि उणे ८० ला जोडणी केवळ नावापुरती. दहाचा फरक म्हणजे जोर थेट एक दशांश, त्यामुळे हे आकडे दिसतात तितके जवळचे नसतात. अनेक कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये, सेटिंगमध्ये नेटवर्कची माहिती उघडली की हा आकडा मिळतो. नसेल तर मोबाइलवर वायफाय मोजणारं एखादं फुकट ॲप टाकून कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभं राहून बघा. राउटरशेजारी उभं राहून "सिग्नल तर फुल आहे" म्हणण्यात अर्थ नाही. माझी दिवाळीतली चूक हीच.

मागच्या कॅमेऱ्यापाशी आकडा होता उणे ७८. कारण शोधायला माडीवर गेलो, तर राउटर जागेवर नाही.

"आई, राउटर कुठे आहे?"

"कपाटात ठेवलाय. धूळ बसत होती त्याच्यावर."

लोखंडी कपाटात! तार जाईल इतकीच फट ठेवून दार लावलेलं, आणि राउटरवर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल. रुमाल सिग्नलच्या बाबतीत निर्दोष आहे. कापडातून वायफाय आरामात जातं. फक्त राउटरला ऊब नको म्हणून तो काढायचा. लोखंडी पत्रा मात्र वायफायचा शत्रू. त्याखालोखाल जाड विटांच्या आणि सळयांच्या काँक्रीटच्या भिंती, मोठे आरसे, फ्रिज आणि पाण्याने भरलेल्या टाक्या.

मी पायरी पायरीने गेलो आणि प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेवला. राउटर कपाटाबाहेर काढला: उणे ७२. फायबरची तार वाढवून घेऊन तो जिन्याच्या मधल्या चौकटीत, घराच्या साधारण मध्यावर, छातीच्या उंचीला बसवला: उणे ६३. नवीन काहीही विकत न घेता पंधरा डीबीएम मिळाले. एका वेळी एकच बदल करा आणि आकडा लिहा, हे मी मुद्दाम सांगतो. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

मग गर्दीचा प्रश्न. बहुतेक घरगुती कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतात. हा पट्टा ५ गिगाहर्ट्झपेक्षा भिंतींतून बरा पार होतो, पण सगळी गल्ली त्याच पट्ट्यावर असते. आमच्या अंगणातून शेजाऱ्यांची चौदा वायफाय दिसत होती. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण याच पट्ट्यात काम करतो, म्हणून काहींच्या घरी नेमक्या जेवण गरम करायच्या वेळी कॅमेरा अडखळतो. या पट्ट्यातल्या १, ६ आणि ११ या तीन वाहिन्या एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन यांपैकी सगळ्यात कमी गर्दीची वाहिनी निवडायची. आमच्याकडे बहुतेक शेजारी ६ वर होते, मी ११ वर गेलो.

एवढं करूनही आकडा सुधारला नाही तर सिग्नल पुढे ढकलणारं उपकरण लावता येतं. मात्र लोक ते कॅमेऱ्याच्या शेजारी लावतात. तिथे मुळातच सिग्नल मेलेला असतो, मग ते पुढे काय ढकलणार? ते राउटर आणि कॅमेरा यांच्या मधोमध, जिथे सिग्नल अजून जिवंत आहे तिथे लावायचं. आणि कॅमेऱ्याला तार जोडायची सोय असेल, तर सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे तार.

अपलोड आणि ॲप

राउटरपासून पुढचा रस्ता इंटरनेटचा. आपण प्लॅन घेताना डाउनलोडचा वेग बघतो, पण कॅमेऱ्याचं चित्र घरातून बाहेर जातं, त्याला अपलोड लागतो. फायबरवर सहसा अडचण येत नाही. मोबाइलच्या सिमवर चालणारा छोटा राउटर असेल तर संध्याकाळच्या गर्दीत अपलोड बराच खाली येऊ शकतो. एका कॅमेऱ्याला दोन मेगाबिट धरले तर चार कॅमेरे एकदम बघताना आठ लागतात. घरातल्या माणसाला वेगाची चाचणी करायला सांगा आणि अपलोडचा आकडा विचारा.

शेवटी ॲप. अनेक ॲप डेटा वाचवण्यासाठी आपणहून हलकं चित्र दाखवतात. ते कित्येकदा ६४० गुणिले ३६० ठिपक्यांचं असतं, म्हणजे मूळ चित्राच्या बरोबर एक नवमांश. पडद्याच्या कोपऱ्यात एचडी, एसडी किंवा ऑटो असं काहीतरी लिहिलेलं असतं, तिथे बोट लावा. माझ्याकडे ते ऑटोवर होतं, आणि सिग्नल अडखळला की ॲप मुकाट्याने हलक्या चित्रावर उतरत होतं. रस्ता दुरुस्त झाल्यावर एचडी लावलं आणि चादरीवरची फुलं पुण्याहूनही दिसायला लागली.

ओट्यावरचं धुकं

आता पुढचा कॅमेरा. इथे दुखणं डोळ्याचं होतं हे कार्डाने सांगितलंच होतं. संध्याकाळी स्टूल घेऊन वर चढलो, आणि जे दिसलं ते लिहायला संकोच वाटतो. भिंगावर खोक्यातून आलेला पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा तसाच होता. दिवाळीत मी तो काढायला विसरलो होतो. त्यावर तीन महिन्यांची धूळ, बाजूला कोळ्याचं जाळं, आणि उत्तरायणाची भेट म्हणून मांजाचा एक तुकडा बरोबर भिंगासमोर लोंबत होता.

दिवसा यातलं काही फारसं जाणवत नाही, रात्री का जाणवतं? अंधार पडला की कॅमेरा भिंगाभोवतीचे अवरक्त दिवे लावतो. डोळ्यांना न दिसणारा हा उजेड समोरच्या वस्तूंवरून परत येतो आणि त्यावर काळं-पांढरं चित्र बनतं. जी वस्तू जवळ, ती फार जास्त उजळते. भिंगापासून दोन इंचांवरचा कोळ्याचा एक धागा दहा फुटांवरच्या माणसापेक्षा कितीतरी पटींनी लखलखतो. प्लास्टिकचा पापुद्रा तर तो उजेड थेट भिंगातच परत पसरवतो. माझा मांजा रात्रीच्या चित्रात जाडजूड पांढऱ्या दोरखंडासारखा दिसत होता. खिडकीच्या काचेच्या आतून बाहेर बघणारा कॅमेरा रात्री आंधळा होतो तोही याचमुळे. काचेवरून त्याचाच उजेड त्याच्या डोळ्यात येतो. अगदी शेजारी पांढरी भिंत किंवा छज्जा असेल तरी तसंच. कॅमेरा थोडा पुढे घ्या किंवा तोंड वळवा.

पापुद्रा काढला, मऊ कोरड्या कुंच्याने धूळ आणि जाळं झाडलं, मग चष्मा पुसायच्या कापडाने भिंग हलकेच पुसलं. ओढणीने किंवा पंचाने खसाखसा पुसू नका, चरे पडतात. आईने जळमटं काढायच्या लांब काठीच्या कुंच्याला मऊ कापड गुंडाळून घेतलं आहे. दर पंधरा दिवसांनी कॅमेऱ्याभोवतीची जाळी ती खालूनच काढते, स्टुलावर चढायचं नाही असा आमचा करार आहे.

धुकं गेलं, तरी चालत्या माणसाचा चेहरा रात्री पुसट येत होता. त्यालाही कारण आहे. उजेड कमी असला की कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवतो, आणि तेवढ्यात माणूस हलतो. शिवाय अंधारातलं चित्र कणाकणांनी खदखदत असतं. चित्र पिळणाऱ्या यंत्रणेला तो प्रत्येक कण "बदल" वाटतो आणि ठरलेले मेगाबिट तिथेच खर्च होतात. यावर सगळ्यात स्वस्त उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, होल्डरमध्ये आहे. ओट्यावर नऊ वॉटचा एलईडी दिवा लावला आणि तो कॅमेऱ्याच्या डोळ्यात न जाता येणाऱ्याच्या तोंडावर पडेल असा बसवला. आता रात्रीही रंगीत चित्र येतं. आईलाही कुलूप लावताना उजेड मिळतो.

टोप्या आणि टकलं

पुढच्या कॅमेऱ्यात आणखी एक खोट होती. चोरीला जाऊ नये म्हणून मी तो अकरा फुटांवर लावला होता. परिणामी तीन महिन्यांच्या चित्रणात टोप्या, टकलं आणि अंबाडे भरपूर होते, चेहरे फारच थोडे. तो साडेसात फुटांवर आणला. शिवाय आमचं दार पूर्वेला. सकाळी अर्ध्या चित्रात आकाश यायचं आणि त्या झगमगाटापुढे माणसं काळी पडायची. कॅमेरा थोडा खाली झुकवला, आकाश बाहेर गेलं आणि चेहरे उजळले. सेटिंगमध्ये डब्ल्यूडीआर नावाची सोय असेल तर अशा ठिकाणी ती चालू करा.

किती अंतरापर्यंत चेहरा दिसेल याचा हिशोब सोपा आहे. सीसीटीव्हीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अनोळखी माणसाचा चेहरा पटण्यासाठी त्याच्या जागी एका मीटरमागे २५० ठिपके लागतात, ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५, आणि कोणीतरी आहे एवढंच कळण्यासाठी २५. साधारण ९० अंशांत बघणारा १९२० ठिपक्यांचा कॅमेरा चार मीटरवर आठ मीटर रुंदीचा देखावा बघतो, म्हणजे मीटरमागे २४० ठिपके. आठ मीटरवर हेच १२० होतात. थोडक्यात, दाराशी आलेला अनोळखी माणूस जेमतेम ओळखता येईल. गल्लीच्या टोकाच्या स्कूटरचा नंबर काही केल्या वाचता येणार नाही. दोन बोटांनी झूम केल्याने ठिपके वाढत नाहीत, तेच मोठे होतात.

रात्री दीडचं बंद पडणं

शनिवारी रात्री पुढचा कॅमेरा दोनदा आपोआप बंद होऊन चालू झाला. दिवसा कधीच नाही. इथे गुन्हेगार वीज होती. कॅमेऱ्याचा मूळ चार्जर कुठेतरी हरवल्याने मी जुन्या मोबाइलचा लावला होता, आणि दहा मीटरची बारीक वायर वाढवली होती. पाच व्होल्टांतले एक-दीड व्होल्ट अशा वायरीतच जिरतात. दिवसा कॅमेऱ्याचं भागतं. रात्री अवरक्त दिवे लागले की त्याला जास्त वीज लागते आणि तो मान टाकतो. विजेचा बोर्ड जवळ घेऊन, कंपनीने सांगितलेल्या क्षमतेचा चार्जर आणि आखूड वायर लावली. तेव्हापासून तक्रार नाही.

जाता जाता कार्डही तपासलं. सेकंदाला दोन मेगाबिटने सतत चित्रण केलं तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी लागतात. ६४ जीबीच्या कार्डात जेमतेम तीन दिवस मावतात, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. या सततच्या लिहिण्याने मोबाइलसाठीची साधी कार्डं लवकर थकतात. सीसीटीव्हीसाठी म्हणून मिळणारी टिकाऊ कार्डं घ्यावीत.

टॉवेलचा बिघाड

माझ्या कागदावर शेवटची एक तक्रार उरली होती. मागचा कॅमेरा रोज सकाळी सव्वापाच ते सहाच्या सुमारास पूर्ण काळा व्हायचा. मी कार्ड बघितलं, वीज बघितली, कंपनीचं नवं सॉफ्टवेअर टाकलं. काही सापडेना. शेवटी आईला विचारलं.

"तो बिघाड नाही. मी टॉवेल टाकते त्याच्यावर."

अंगणातल्या मोरीवर ती पहाटे कपडे धुते, केस धुऊन सुकवते. पन्नास वर्षं तिथेच. "तू कधी बघतोस मला कळत नाही," ती म्हणाली. "तू बघतोस ते बरंच आहे रे. पण केस मोकळे सोडून बसलेली असते तेव्हा कुणी बघू नये, मग तो मुलगा का असेना."

मी तिला तीन महिन्यांत हे एकदाही विचारलं नव्हतं. कॅमेऱ्याला काय दिसावं हे मी एकट्याने ठरवलं होतं. ती कुरकुरली नाही, तिने तिच्या पद्धतीने दुरुस्ती केली.

मग रविवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून कॅमेऱ्याचं तोंड ठरवलं. ती अंगणात फिरत होती आणि मी मोबाइल तिच्या समोर धरून दाखवत होतो. मोरी चित्राबाहेर गेली. जिन्याच्या खालच्या तीन पायऱ्या, जिथे ती घसरण्याची मला खरी भीती आहे, त्या आत आल्या. आधीच्या कोनात त्या अर्ध्याच दिसत होत्या. तुळस तिने मुद्दाम आत ठेवायला सांगितली. दोन्ही कॅमेरे तिच्याही मोबाइलवर टाकले, त्यामुळे आता बेल वाजली की ती आधी बघते आणि मग दार उघडते. पासवर्ड बदलला, दुहेरी पडताळणी चालू केली, आणि तो पासवर्ड आम्हां दोघांनाच माहीत आहे.

चित्र बिघडलं तर या क्रमाने बघा

१. घड्याळाचे सेकंद पळताहेत का?
२. ॲपमध्ये एचडी निवडलं आहे का?
३. त्याच वेळची कार्डावरची क्लिप उतरवून बघा. स्वच्छ असेल तर रस्ता तपासा, नसेल तर डोळा.
४. रस्ता: कॅमेऱ्यापाशी सिग्नल मोजा, राउटर उघड्यावर आणि घराच्या मध्यावर आणा, वाहिनी बदला, अपलोड तपासा.
५. डोळा: पापुद्रा, धूळ, जाळी, मांजा, मग काच आणि शेजारची पांढरी भिंत, मग दिवा.
६. फक्त रात्री बंद पडत असेल तर चार्जर आणि वायर.
७. उंची आणि कोन, आणि घरात राहणाऱ्या माणसाला विचारून.

निघताना आईने माझ्यासमोर आणखी एक अट ठेवली. रोज सकाळी पूजा झाली की ती मला एक मिस्ड कॉल देणार; तो आल्याशिवाय मी कॅमेरा उघडायचा नाही. साडेसातपर्यंत आला नाही, तर आधी तिला फोन, मग बेनना, आणि मग हवं तर कॅमेरा. मला आधी हा क्रम उलटा वाटला. आता वाटतं, त्या अकरा मिनिटांनंतर तिने माझ्यापेक्षा जास्त नीट विचार केला होता.

परवा सकाळी मिस्ड कॉल आल्यावर कॅमेरा उघडला. चित्र स्वच्छ होतं, सेकंद पळत होते. दोरीवर निळ्या फुलांची चादर होती, आणि तिला ओळीने सहा चिमटे लावलेले होते.